दहीभात आणि काळा डोह

इंदिरा संतांच्या एका कवितेतली बाई पावसाशी बोलते. पाऊस अवेळी आला आहे आणि कौलांवर थयथयाट करतो आहे. घर असे की पडल्यापडल्या छपरातून चांदणे दिसावे. ती त्याला रागावत नाही, गाऱ्हाणे सांगते. गळणाऱ्या प्रत्येक जागेखाली मांडायला इतके तांबे, इतकी पातेली मी आणू कुठून? दारातली वेल झोडपू नकोस, अंगावरचे जुने वस्त्र भिजवू नकोस. इथवर ही एका गरीब घरातली पावसाळी तारांबळ वाटते. मग एकाएकी कळते की या घरातून कुणीतरी निघून गेले आहे. तो वेशीबाहेर पडून वाटेला लागला आहे, आणि ही पावसाला विनवते आहे की आजवर तुझे पुष्कळ सोसले, आता माझे एवढे ऐक. आठ कोस पुढे धावत जा, विजेचा धाक घाल, त्याला माघारी फिरव. तेवढे केलेस तर मग हवा तितका दंगा कर, मी बोलणार नाही. तुझ्यासाठी पितळेची लोटी-वाटी मांडीन.

कवितेत भांडी दोनदा येतात. पहिल्यांदा ती कमी पडतात, दुसऱ्यांदा तीच पूजेला मांडावीत तशी मांडली जातात. गळती तीच, बाई तीच, पाऊस तोच. या दोन मांडण्यांमध्ये त्या बाईचा सगळा जीव आहे. दुःखाला असलेले एकही नाव कवितेत येत नाही, आणि तरी वाचून झाल्यावर घशात काहीतरी दाटून राहते.

माझे लहानपण कौलारू घरात गेले, त्यामुळे ही भांडी मला ऐकू येतात. रिकाम्या जर्मनच्या पातेल्यात पडणाऱ्या थेंबाचा आवाज टणटणीत असतो, तांब्याच्या घंगाळात तो जरा घुमतो, आणि भांडे अर्धे भरले की तो मऊ, डुबुक असा होतो. आवाज मऊ झाला की आई उठायची, भांडे उचलून मोरीत ओतायची आणि परत जागेवर ठेवायची. पुन्हा टणटण सुरू. रात्रभर हे चाले. त्या आवाजात दुःख होते असे मी म्हणणार नाही. आम्ही भावंडे त्याच आवाजात झोपी जात होतो. पण त्या आवाजावर एखाद्या कवीने एका बाईची वाट पाहणे ठेवले तर तो आवाज ते पेलू शकतो, याची खात्री मला या कवितेने दिली. मोठे मोठे शब्द जे पेलत नाहीत ते कधीकधी पातेले पेलते.

काव्यशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ लिहिला, त्यात रसाचे दोष सांगताना पहिल्याच दोषांत त्याने स्वशब्दवाच्यता मांडली. रस किंवा भाव त्याच्याच नावाने सांगून टाकणे हा दोष. करुण आहे असे म्हटले की करुण उरत नाही. त्याच्या आधी दोनेकशे वर्षे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हेच वेगळ्या अंगाने सांगितले होते, की रस हा कधी सांगितला जात नाही, तो ध्वनित होतो. मला हा नियम केवळ शास्त्राचा वाटत नाही. घरात कुणी गेले असताना भेटायला येणारी जाणती माणसेही तो पाळतात. ती दुःखाविषयी बोलत नाहीत. चहा घेतला का, म्हशीला कुणी पाहिले का, असे विचारतात. आणि त्या म्हशीच्या प्रश्नावर घरातला इतका वेळ कोरडा बसलेला माणूस रडू लागतो.

बालकवींच्या दोन कविता शेजारी ठेवून वाचाव्यात. एक ‘पारवा’. पडकी धर्मशाळा, खचलेली भिंत, कललेला खांब, आणि त्या उद्ध्वस्त छपरावर बसून घुमणारा पक्षी. चित्र अचूक आहे. पण त्या पाखराच्या गाण्यावर कवी लगेच उदासपणाचा शिक्का मारतो, आणि माझ्यासारख्या वाचकाला वाटते, हे मला आपले आपण सापडू द्यायचे होते. तरीही ती कविता मनातून जात नाही, आणि तिला तारून नेते ती धर्मशाळा. पडके घर असते तर आपण त्या घरच्या माणसांना आठवले असते. धर्मशाळेला आपले माणूस नसतेच. एका रात्रीपुरती टेकलेली, पहाटे उठून गेलेली अनोळखी माणसे, एवढेच तिचे गणगोत. तिच्या पडण्याचे सुतक कुणालाच नाही. तिथे पारव्याचे घुमणे ऐकायला कुणी नाही, आणि कधीच कुणी कायमचे नव्हते. एवढी एक जागा निवडण्यात बालकवींनी जे केले ते त्यांच्या विशेषणांना साधले नाही.

दुसरी कविता ‘औदुंबर’. आठ ओळींची. मराठीत इतक्या कमी जागेत इतके घडलेले मला दुसरे फारसे माहीत नाही. आधी निळसर सावळा झरा येतो, दोन्ही काठांवर हिरवाई. मग टेकडीपलीकडे चार घरांचे लहानसे गाव, पुढे शेतमळ्यांची दाटी. त्या हिरव्यातून एक पांढरी पायवाट वेडीवाकडी निघते. आपण तिच्यामागे चालू लागतो, कारण पांढऱ्या पायवाटेमागे चालावेसेच वाटते. ती कुणाच्या तरी पायांनी झालेली असते, म्हणजे ती कुठेतरी नेणार. आणि ती नेते काळ्या डोहाकडे. तिथे पाणी झाकोळलेले आहे, लाटांवर काळोखी पसरली आहे, आणि पाण्यात पाय सोडून एक झाड बसले आहे. कविता संपली. पुढे वाट नाही.

रंगांकडे पाहिले तर कवीने केलेली रचना लक्षात येते. निळा, हिरवा, पांढरा, मग काळा. उतरण कुठे सुरू झाली हे कळत नाही. आपण हिरव्यातच आहोत असे वाटत असताना पाय काळ्यात पोचलेले असतात. पण खरी हुरहुर त्या काळ्याची नाही. कवीने त्या काळोखीला गोड म्हटले आहे, त्या गोडीची आहे. डोह भयाण असता तर आपण दचकून मागे फिरलो असतो, आणि सुटलो असतो. तो गोड आहे म्हणून आपण काठाशी थांबतो. ते झाडही बुडालेले नाही, पडलेले नाही. पाय गार पाण्यात सोडून दमलेला माणूस बसावा तसे बसले आहे. कोण जाणे, फार सुखातही असेल. ही कविता शांतीची की विषण्णतेची, यावर वाचक अजून वाद घालतात. मला वाटते तो वाद मिटू नये. ती दोन्ही एकाच पाण्यात आहेत म्हणूनच जीव कासावीस होतो.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनाशी रेल्वेखाली सापडून गेले. सत्तावीस वर्षांचे होते. त्याच जळगावात 1907 च्या कविसंमेलनात डॉ. कीर्तिकरांनी त्यांना बालकवी म्हटले होते. या दोन तारखा शेजारी आल्या की पोटात कालवते, हे खरे. पण म्हणून ‘औदुंबर’मधला डोह म्हणजे त्या मृत्यूची चाहूल असे म्हणणे त्या कवितेवर अन्याय करणारे आहे. तसे म्हटले की डोह हा डोह राहत नाही, रेल्वेरुळाची जागा घेतो. प्रतिमेला आधी स्वतःचे असणे असावे लागते. पाणी आधी ओले हवे, गार हवे. इंदिरा संतांच्या कवितेलाही आपण हेच करतो. 1940 मध्ये ‘सहवास’ या संग्रहात पती ना. मा. संत यांच्यासह त्यांच्या कविता आल्या आणि 1946 मध्ये ना. मा. गेले, मग त्या पावसातला वाटसरू म्हणजे तेच, असे ठरवून आपण पुस्तक मिटतो. कवयित्रीचे दुःख खरेच होते. पण त्या कवितेतला वाटसरू अजून आठ कोसांच्या आत आहे, त्याला परत आणता येणार आहे. ही शक्यता काढून घेतली की पितळेच्या लोटीला काही अर्थ उरत नाही.

वर्षानुवर्षे कविता वाचताना मला हळूहळू असे वाटू लागले आहे की काळोखाने व्याकूळता येत नाही. काळ्यावर काळे ओतले की नुसते दिसेनासे होते. जीव कासावीस होतो तो प्रतिमेत कुठेतरी जिवंत राहिलेल्या आशेने. डोहाची गोडी, दारातली वेल, मांडायला काढलेली पितळेची भांडी. जे अजून हातचे गेलेले नाही असे वाटते, तेच दुखते.

मर्ढेकरांची पिंपातल्या उंदरांची कविता या विचाराला सरळ सरळ धक्का देते, आणि म्हणून मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा जातो. तिथे कसली आशा? ओल्या पिंपात मेलेले उंदीर, कुणी न मुरगळता पडलेल्या माना. विसाव्या शतकाच्या मध्यावर, चंद्र-चांदण्यांनी भरलेल्या मराठी कवितेत हे उंदीर आले तेव्हा वाचक हबकले, चिडले, थट्टाही पुष्कळ झाली. पण त्या माना नीट पाहाव्यात. मारणारा कुणी नाही. मारेकरी असता तर त्याच्यावर राग काढता आला असता. जगणेही सक्तीचे, मरणेही सक्तीचे, आणि सक्ती करणाऱ्याचा चेहरा कुठेच नाही. हे सगळे कवीने सांगितले कशात, तर सोळा मात्रांच्या हलक्या, लहान मुलांच्या गाण्याला शोभेल अशा ठेक्यात. मोठ्याने म्हणून पाहावे. ओठ आपोआप डोलू लागतात आणि मन नको म्हणते. शेवटी उंदरांच्या ओठांना ओठ लागतात, त्यांचे न्हाणे होते. आपल्याकडे न्हाऊ घालतात ते बाळाला, नवरीला आणि प्रेताला. त्या न्हाण्यात मला ती उरलेली ऊब सापडते. बिळात जगलेल्या त्या जीवांना पिंपात का होईना, एकमेकांचा स्पर्श मिळाला. इतके वाटले की ती कविता सहन करणे अवघड होते.

त्याच कवितेत काचेचे डोळे आहेत आणि बेकेलाइट आहे. बेकेलाइट हे पहिल्या कृत्रिम प्लास्टिकांपैकी एक. त्या काळी विजेची बटणे आणि रेडिओचे खोके त्याचे असत. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते, हा पदार्थ त्यांच्या रोजच्या हाताखालचा. उदासीची दृष्टी काचेची करणे आणि ओठांवरच्या मधाला बेकेलाइटचा स्पर्श देणे हे त्यांना सुचले, कारण त्यांनी ती वस्तू हाताळली होती. भावनानिष्ठ समतानता असा शब्द त्यांनी आपल्या समीक्षेत योजला आहे: दोन गोष्टी दिसायला सारख्या असायला नकोत, त्या मनात जो भाव उठवतात तो सारखा हवा. चेहरा आणि चंद्र यांची जोडी डोळ्यांनी जुळते. माणूस आणि पिंपातला उंदीर यांची जोडी डोळ्यांना जुळत नाही, ती पोटात जुळते.

ग्रेसांविषयी थोडेच बोलतो, कारण त्यांच्या कवितेत शिरलो की बाहेर येणे कठीण. 1967 च्या ‘संध्याकाळच्या कविता’पासून त्यांनी सांज आणि पाऊस यांना असे काही आपलेसे केले की नंतरच्या कित्येक कवींना ती उसनीच घ्यावी लागली. हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेल्या, ‘निवडुंग’ चित्रपटात आलेल्या त्यांच्या एका कवितेत कुणीतरी निघून जात असते, पाऊस रिमझिमत असतो, आणि सूर्य ढगांत अडकलेले आपले किरण सोडवत असतो. सूर्यासारख्या सूर्यावर ही पाळी. ढगांत गुंतलेले आपलेच किरण त्याला एकेक करून सोडवावे लागतात, एखाद्या म्हाताऱ्या बाईने सुताचा गुंता सोडवावा तसे. तो हरलेला नाही, प्रयत्न करतो आहे. त्या प्रयत्नात मला नेहमी गदगदून येते. मात्र ग्रेसांनंतर ज्यांनी ज्यांनी सांजवेळ वापरली त्यांच्या ओळींत तसा गुंता बहुधा दिसत नाही, नुसती सांज दिसते. आणि मग रिकामी खुर्ची, गळालेले पान, विझलेली पणती. ही सगळी चिन्हे कधीकाळी कुणाच्या तरी घरातून आली होती. आता ती दुकानातून येतात.

प्रतिमा कुणाच्या घरातून आली, हे विसरले की आणखी एक चूक होते. पाणी म्हणजे शांतता, पाणी म्हणजे गारवा, हे सगळ्यांसाठी एकच आहे असे आपण धरून चालतो. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याकाठी जी माणसे ओंजळीने पाणी प्यायली, त्यांच्या नातवंडांच्या कवितेत पाणी येते तेव्हा ते निळेसावळे नसते. त्या काठावर पाय सोडून बसण्याची मुभा कुणाला होती, हा प्रश्न त्या पाण्यात असतो. दया पवारांच्या धरण बांधणाऱ्या बाईच्या गीतात तान्हे लेकरू पाटीखाली झाकून ठेवलेले असते, जशी कोंबडीची पिले झाकतात. बाई मातीच्या पाट्या वाहते. त्या धरणाच्या पाण्यावर दुसऱ्यांच्या उसाच्या पेरापेरात साखर भरते, आणि हिला घोटभर पाण्यासाठी रान पालथे घालावे लागते. इथेही तेच. नुसती तहान असती तर कळवळा आला असता. त्या साखरेने आतडे पिळवटते, कारण गोडी जगात आहे, तिच्याच हातांनी ती तयार झाली आहे, आणि तिच्या जिभेपर्यंत ती येत नाही. हे गीत सभांमध्ये, मोर्च्यांमध्ये गायले जाते तेव्हा पाटीखालच्या लेकरापाशी बायांचे आवाज बदललेले मी ऐकले आहेत. त्यांच्यासाठी ती प्रतिमा नसते. त्यांच्यातल्या कुणी ना कुणी आपले मूल तसे ठेवून कामाला गेलेली असते.

या सगळ्यांच्या मागे, सातशे वर्षांपलीकडे, ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतला कावळा बसला आहे. लताबाईंच्या आवाजात तो घराघरांत पोचला. विरहिणी अंगणात उभी आहे, पलीकडे कावळा ओरडतो आहे, आणि ती त्याला विचारते की पंढरीचा राव माझ्या घरी कधी येईल. नुसते विचारत नाही, लालूच दाखवते. आधी म्हणते, तुझे पाय सोन्याने मढवीन. मग दहीभाताचा घास देऊ करते. मग दुधाची वाटी. मग आंब्याच्या डहाळीवरची रसाळ फळे. सोने तिच्याकडे नसावे असे मला नेहमी वाटते. ते बोलून गेल्यावर तिने घरात नजर फिरवली असावी आणि जे चुलीपाशी खरोखर होते ते काढले असावे. इंदिरा संतांच्या बाईने पावसाला पितळेची लोटी-वाटी कबूल केली ती याच घरातून आली आहे. दोघींकडे द्यायला फार थोडे आहे आणि दोघींनाही ज्याला द्यायचे तो माणूस नाही, पाखरू आहे, पाऊस आहे. विरहिणी तर कावळ्याला खरे सांग म्हणून गळ घालते. ज्याला खरे-खोटे काही नाही त्याच्याकडे खरे मागायचे, ही अवस्था कोणत्या शब्दात सांगता आली असती? अभंगाच्या शेवटी भेटीचा शकुन मिळतो, ज्ञानदेव तशी ग्वाही देतात. माझे कान मात्र दहीभाताच्या घासापाशी अडकून राहतात.

त्याला कारण आहे. आमच्या आजोबांच्या दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला होता. कावळे आले, झाडावर बसले, शिवेनात. ऊन चढत गेले. मग प्रथेप्रमाणे एकेकजण पुढे होऊन कबुली देऊ लागला. धाकट्या आत्याचे लग्न आम्ही थाटात करू, काळजी करू नका. मळा विकणार नाही. विहिरीचे काम पुरे करू. कावळे झाडावरच. आजी घाटावर आली नव्हती, तेव्हा बायका येत नसत. पण निघताना तिने काकांच्या कानात काहीतरी सांगितले होते. काका शेवटी पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, आईला मी माझ्याकडे नेणार नाही, ती याच घरात राहील. कावळा खाली आला.

घरी परतल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की कशाला शिवला. काकांनी सांगितले. तिने पदर डोळ्यांना लावला आणि स्वयंपाकघरात गेली, कारण माणसे जेवायची होती. त्या घरात ती पुढे पुष्कळ वर्षे राहिली, आणि पहाटे काम करताना म्हणत असे त्या गाण्यांत ही विरहिणीही होती. मी ती आधी देवाची म्हणून ऐकली, मग कविता म्हणून वाचली, आणि फार उशिरा माझ्या ध्यानात आले की अंगणात शकुन सांगणारा कावळा आणि घाटावर न शिवणारा कावळा यांना मराठी घरात एकच घास वाढतात. विरहिणीच्या हातातला दहीभात येणाऱ्यासाठी आहे, आणि तो जाणाऱ्यासाठीचाही आहे. ज्ञानेश्वरांनी एवढे मनात आणले असेल की नाही, याचा निवाडा मी करणार नाही. आजीने नक्की आणले होते. दहीभाताच्या ओळीला आली की ती हातातले काम थांबवायची, आणि दुधाच्या वाटीपाशी ते पुन्हा सुरू करायची.